बीम मोजला, जोड कोणी मोजला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वळवाच्या वाऱ्यात कुठे शेड उडते, कुठे होर्डिंग आडवं होतं, कुठे कारखान्यातला लोखंडी पोटमाळा खाली बसतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ठरलेली दोन वाक्यं असतात: ‘बांधकाम निकृष्ट दर्जाचे होते’ आणि ‘लोखंड गंजले होते’. असेलही. पण लोखंड नवं कोरं आहे, बीम हिशेबापेक्षा जाडच आहे आणि तरी जोड सुटला, असंही होऊ शकतं. ही शक्यता मी बातमीत कधी वाचली नाही. स्टीलच्या इमारतींच्या जोडांची चित्रं काढणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे माझी नजर आधी बोल्टकडे जाते. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, आणि आकडेही बरेच आहेत. त्यांना इलाज नाही.

आमच्या धंद्यात मला डिटेलर म्हणतात. डिझाइन करणारे इंजिनिअर सांगतात, इथे 300 चा, म्हणजे 300 मिमी उंचीचा, बीम, तिथे अमुक कॉलम, जोडावर इतका भार. त्यापुढचं आमच्याकडे येतं. बीम आणि कॉलम जोडणारा अँगलचा, L आकाराच्या लोखंडाचा, तुकडा, म्हणजे क्लीट, केवढा घ्यायचा. भोकं किती आणि कडेपासून किती आत. बोल्ट कुठल्या बाजूने घालायचा आणि पाना कुठून फिरणार. मी नाशिकला बसून अमेरिकेतल्या शाळा आणि गोदामांची अशी चित्रं काढते. महाराष्ट्रात हे काम करणारी आणखीही ऑफिसं आहेत. तिथला नियम साधा आहे: जोडाचं चित्र तपासून सही होऊन येईपर्यंत कारखान्यात करवत चालत नाही.

आता इथलं सांगते. माझ्या धाकट्या भावाचं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप आहे. जागा अपुरी पडू लागली म्हणून त्याने आत पोटमाळा करून घेतला. चार मीटरचे गाळे, 300 चे बीम, 300 चेच कॉलम, वर चेकर्ड प्लेट. इंजिनिअरचं डिझाइन होतं, स्टॅबिलिटी सर्टिफिकेटही होतं, बीमला भरपूर ताकद होती. काम झाल्यावर त्याने मला कौतुकाने बघायला बोलावलं. मी शिडीवर चढले, खिशातली पट्टी काढली, आणि पहिल्याच जोडाला भोकाची कड काळी दिसली. गॅसने पाडलेलं भोक होतं. 20 मिमीच्या बोल्टला 22 चं भोक लागतं, इथे आडवं 24 आणि उभं 31 भरलं. भोकाच्या काठापासून कॉलमच्या फ्लँजच्या, म्हणजे बाहेरच्या रुंद पट्टीच्या, कडेपर्यंत धातू उरला होता 9 मिमी. दुसऱ्या जोडाला सहा बोल्टची डोकी ओळीत दिसत होती. मागून हात घातला तर नट पाचच. सहाव्या भोकात बोल्ट गेलाच नव्हता. दांडा कापून नुसतं डोकं प्लेटवर वेल्डचा टॅक मारून बसवलं होतं, वर रंग.

फॅब्रिकेटरला बोलावलं. तो काही लपवाछपवी करणारा माणूस वाटला नाही. म्हणाला, “मॅडम, बोल्ट जातच नव्हता. पाना तर दूरच राहिला. मग काय करायचं?” मला त्याचा राग आला होता, तरी हा प्रश्न खरा होता. चित्रात त्याला जे दिलं होतं त्यात बोल्ट खरोखरच जाणार नव्हता. किंबहुना चित्रात जोड नव्हताच. बीमची एक रेघ, कॉलमची एक रेघ, आणि जिथे त्या मिळतात तिथे एक टीप: ‘जोड: 75 चा अँगल, 20 चे बोल्ट’. बस्स.

ही एवढीशी टीप प्रत्यक्षात किती अडचणी करते ते दाखवते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळले तरी चालतील, पण वसाहतीत वर्कशॉप असलेल्यांनी गाळू नयेत.

आपल्याकडचा 300 चा बीम, आयएसएमबी 300, याचा फ्लँज 140 मिमी रुंद आणि मधला उभा पत्रा, म्हणजे वेब, 7.7 जाड. बीमच्या वेबला दोन्ही बाजूंनी 75 बाय 75 बाय 8 चे क्लीट लावायचे आणि त्यांच्या दुसऱ्या पाकळ्या कॉलमच्या फ्लँजला बोल्ट करायच्या. 75 च्या अँगलवर भोक कोपऱ्यापासून 40 वर पाडायची आपली जुनी रीत. मग कॉलमच्या फ्लँजवर दोन ओळींतलं अंतर झालं 40 अधिक 40 अधिक वेबचे 7.7, म्हणजे साधारण 88. कॉलमही 300 चाच, म्हणून त्याचा फ्लँज 140 चा. दोन्हीकडे उरले 26. आपला स्टीलचा भारतीय मानक, आयएस 800, म्हणतो की रोल होऊन आलेल्या किंवा करवतीने कापलेल्या कडेपासून भोकाचा मध्य निदान भोकाच्या व्यासाच्या दीडपट आत हवा. कड शिअरने कापलेली किंवा हाताने गॅसकट केलेली असेल तर 1.7 पट. 22 च्या भोकाला दीडपट म्हणजे 33. आपल्याकडे 26. सात मिलिमीटर कमी, आणि अजून कोणी गॅस पेटवलेलाही नाही.

ठीक आहे, भोक आत सरकवू. 40 ऐवजी 33 वर. आता दोन ओळी 74 वर आल्या, कडेला 33 मिळाले, मानक खूश. पलीकडे फ्लँजच्या आत नट कसा बसतो? कॉलमच्या वेबच्या पृष्ठापासून बोल्टचा मध्य 33 वर, त्यातले 14 कोपऱ्याच्या गोलाईत गेले, उरले 19. नटाच्या मध्यापासून त्याच्या कोपऱ्यापर्यंतचं माप साडेसोळा. जेमतेम अडीच मिलिमीटर सुटतात. शिवाय आयएसएमबीच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते, तिथे टेपर वॉशर लागतो, त्याची कड गोलाईवर चढते का ते बघून गरज पडल्यास घासून घ्यावी लागते. हा वॉशर शंभरातल्या किती कामांवर दिसतो, हे वाचकांनी आपापल्या वसाहतीत फिरून बघावं. साधा वॉशर मारून आवळलेला बोल्ट वाकडा बसतो आणि डोक्याखाली एकाच बाजूने दाबतो.

पण खरी गंमत क्लीटच्या आतल्या कोपऱ्यात आहे. क्लीटला दोन पाकळ्या, दोन्हींत भोकं, आणि आपली सवय दोन्हींतली भोकं एका पातळीत मारायची. खूण करायला सोपं पडतं. आता वेबवरचा बोल्ट आवळलेला आहे. एका बाजूच्या क्लीटवर नट, दुसऱ्या बाजूच्या क्लीटवर डोकं. नटाच्या बाजूला क्लीटची जाडी 8, वॉशर 3, नट 18 आणि पुढे डोकावणारे चार-पाच मिलिमीटर आटे: कोपऱ्यापासून 34 पर्यंत जागा गेली. कॉलमचा बोल्ट घालायचाय 33 वरून. तो सरळ त्या आट्यांवर आपटतो. डोक्याच्या बाजूला क्लीटची 8 आणि डोक्याची साडेबारा, म्हणजे साडेवीसपर्यंत अडलेलं. येणाऱ्या बोल्टच्या डोक्याचा कोपरा येतो साडेसोळावर. तिथेही अडतो. भोक जुन्या 40 वर ठेवलं असतं तर या बाजूला बोल्ट जेमतेम गेला असता, पण तीसचा पाना डोक्यावर बसला नसता. आणि कडेचे 26 मागे लागलेलेच. म्हणजे कडा वाचवायला जावं तर पाना बसत नाही, पाना बसवायला जावं तर कडा जाते. 16 चे बोल्ट घेतले तर थोडं सैल होतं. साध्या 4.6 प्रतीच्या 20 च्या दोन बोल्टइतकी ताकद साधारण 16 चे तीन बोल्ट देतात. तरीही नटाच्या बाजूला अडकतंच.

यातून सुटायची वाट एकच आहे, आणि ती फुकट आहे. दोन पाकळ्यांतली भोकं एका पातळीत न मारता आडून-पाडून मारायची. कॉलमच्या पाकळीत 80 च्या पिचवर, म्हणजे एकमेकांपासून 80 वर, तीन, वेबच्या पाकळीत त्यांच्या बरोबर मधल्या पातळ्यांवर दोन. शेजारच्या दोन बोल्टमध्ये 40 चा चढउतार मिळतो, सॉकेट फिरतो, क्लीटची लांबी 230 होते आणि ती 300 च्या बीमच्या सपाट वेबवर मावते. मानक सांगतं की बोल्ट-बोल्टमधलं अंतर निदान व्यासाच्या अडीचपट हवं, म्हणजे विसाला 50. पण 50 हा पत्र्याच्या ताकदीचा किमान आकडा आहे. पाना किती मोठा, कामगाराचा हात कुठून येणार, हे त्यात धरलेलं नाही. ते कोणीतरी कागदावर बसून बघावं लागतं. अमेरिकेतल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शन या संस्थेने त्यासाठी तक्तेच करून ठेवले आहेत: अमुक बोल्ट आत शिरायला इतकी जागा, आवळायला इतकी. भाऊ मला मध्येच म्हणाला, “ताई, अमेरिकेचं नको सांगू, इथलं सांग.” इथल्यालाही तेच भौमितिक नियम लागू आहेत. पाना तिकडे आणि इकडे सारखाच जाड.

बीमची लांबी हा दुसरा घोळ. दोन कॉलमच्या फ्लँजमध्ये मोकळं अंतर 4000, म्हणून बीम क्लीटसकट बरोबर 4000 कापला. आता तो आत घाला. लोखंडी कपाट आडवं आणून खोलीत उभं करताना ते छताला टेकतं, तसंच होतं. 300 उंचीचा 4000 लांबीचा बीम तिरका केला की त्याचा कर्ण 4011 होतो. अकरा मिलिमीटर कुठून आणणार? मोकळ्या आवारात तो तिरका न करता बाजूने फिरवून आणता येतो, तेव्हा तीनेक मिलिमीटर पुरतात. आयएस 800 क्लीट असलेल्या टोकाला साधारण 2 मिमीपर्यंत फट ठेवायला सांगतं, दोन्हीकडचे मिळून चार, आणि ते काम होतं. भावाकडे एका बाजूला भिंत होती. बाजूने फिरवायला जागाच नव्हती, खालून तिरका चढवायचा होता. हे आधी कोणी तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बीमचं तोंड क्लीटच्या पाठीपेक्षा दहा-बारा मिलिमीटर आत कापलं असतं, एका टोकाचे क्लीट सुटे ठेवले असते, बारीक पॅकिंग तयार ठेवलं असतं. त्याऐवजी घणाने कॉलम बाहेर ढकलला, बीम घुसवला, मग भोकं जुळेनात, मग गॅस कटिंगचा सिलिंडर आला.

गॅसच्या भोकाने एवढं काय बिघडतं, असं मला पुष्कळ लोक विचारतात. आमच्या सोसायटीतले एक सिव्हिलचे कंत्राटदारही विचारतात, म्हणून सांगते. ड्रिलच्या भोकात बोल्टचा दांडा एका नीट गोल पृष्ठावर टेकतो. गॅसच्या भोकात कड खाचखळग्यांची, त्यामुळे दांडा एखाद-दुसऱ्या उंचवट्यावर टेकतो. चार बोल्टपैकी भार आधी एकट्यावर येतो, तो सरकला की दुसऱ्यावर. उष्णतेने कड कडक होते, तिथून तडा जायला सोपं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भोक ज्या बाजूला वाढतं त्या बाजूची कडा खाल्ली जाते. क्लीटच्या टोकाकडे, भार ज्या दिशेने ओढतो त्या दिशेला, भोकाच्या मध्यापासून 33 होते ते 25 झाले, की तिथे पत्र्यावर टेकून भार घेण्याची त्या बोल्टची हिशेबी ताकद चौथ्या हिश्श्याने उतरते. मानकाच्या सूत्रात ती त्या अंतराच्या सरळ प्रमाणात आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. मानक बोल्टची भोकं गॅसने पाडू देत नाही ते उगाच नाही.

“मग सगळं वेल्डिंग मारून टाका ना!” हे दुसरं ठरलेलं उत्तर. डोक्यावर हात वर करून, शिडीवर एका पायावर उभं राहून मारलेल्या वेल्डची तपासणी कोण करणार, हे सोडून देऊ. पण टोकाला नुसता टेकलेला धरून हिशेब केलेला बीम चहूबाजूंनी वेल्ड केला की टोकाला वळू शकत नाही, आणि कॉलमला वाकवणारा जो जोर हिशेबात नव्हता तो कॉलमवर येतो. डिझाइन करणाऱ्याला विचारून केलं तर हरकत नाही. विचारतं कोण?

आता या सगळ्यात फॅब्रिकेटरला एकट्याला सुळावर चढवणं मला मान्य नाही. आपल्याकडे स्टीलच्या कामाची मजुरी किलोवर ठरते. भोक पाडलं की वजन कमीच होतं! मॅग्नेटिक ड्रिल लावून, सेंटर पंच मारून, टेम्प्लेट करून नीट भोकं पाडणारा आणि टॉर्चने दोन मिनिटांत उडवणारा, दोघांनाही टनाला तेवढेच पैसे. मालक तीन कोटेशनं मागवतो, सगळ्यात कमी दराला काम देतो, आणि त्या दरात जोडाचं चित्र काढायला एक पैसाही नसतो. भावाने दर किती घासून आणला होता ते त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्यालाच आधी दोन शब्द सुनावले. जोडांना वेगळा दर लावा, भोकावर आणि बोल्टवर. निदान टेंडरमध्ये ‘साइटवर गॅसने भोक पाडल्यास क्लीट बदलून द्यावी लागेल’ एवढी एक ओळ घाला. एवढ्याने सुद्धा सिलिंडर शेडच्या बाहेर राहतो, असा माझा अंदाज आहे.

बोल्ट चढतो कसा याचा विचार न केल्याने काय होतं, त्याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत दोन पादपूल छतापासून लोखंडी सळ्यांवर टांगले होते, एकाखाली एक. मूळ चित्रात एकच लांब सळी दोन्ही पुलांतून जात होती. पण वरच्या पुलाखालचा नट जागेवर न्यायचा तर सळीला खालपासून वरच्या पुलापर्यंत आटे पाडावे लागले असते, आणि उचलताना ते आटे खराब झाले असते. म्हणून बनवणाऱ्यांनी एका सळीच्या दोन केल्या: वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर बदल क्षुल्लक. पण वरच्या पुलाखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला, आणि तो हिशेब पुन्हा कोणी केला नाही. C आकाराचे दोन चॅनल समोरासमोर वेल्ड करून केलेल्या पेटीसारख्या बीममधून, वेल्डच्याच रेषेवर भोक होतं. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू असताना तो नट बीममधून ओढला जाऊन आरपार आला. 114 माणसं गेली. दोन इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. बदल मागणारा फॅब्रिकेटर होता, पण मुळात नट चढणारच नाही असं चित्र काढणारा तो नव्हता. म्हणून जोडाची जबाबदारी कोणाची हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवलेलं असावं, असं मी म्हणते.

एक गोष्ट कामगारांसाठी. गर्डरच्या, म्हणजे मुख्य बीमच्या, वेबला दोन्ही बाजूंनी दोन बीम येतात आणि दोघांना तेच बोल्ट आरपार लागतात, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. स्टील वाचतं, भोकं निम्मी लागतात. पण उभारणी करताना पहिला बीम बोल्ट करून झाला, दुसरा हायड्रा क्रेनने वर आला, की त्याला घ्यायला पहिल्याचे नट काढावे लागतात. त्या अर्ध्या मिनिटात पहिला बीम कशावर उभा असतो? एखाद्या ड्रिफ्टवर, म्हणजे भोकं जुळवायला ठोकलेल्या खुंटीवर, आणि त्याच बीमवर फिटर दोन्हीकडे पाय सोडून बसलेला असतो. अमेरिकेत 2002 पासून लागू असलेल्या उभारणीच्या नियमांत अशा जोडाला निदान एक बोल्ट नटासकट आवळलेलाच राहिला पाहिजे, नाहीतर बीमला खालून टेकायला सीट दिली पाहिजे, असं लिहिलंय. आम्ही तिथल्या कामात एका बाजूचा क्लीट एक भोक खाली लांबवतो, किंवा खाली छोटा सीट अँगल देतो. वजन दोन-तीन किलोने वाढतं. इथल्या कामांच्या ज्या ज्या चित्रांवर मला मत विचारलं गेलं, त्यांतल्या एकातही मला हे दिसलं नाही. फिटरांच्या हातात सुरक्षा पट्टा दिला की सुरक्षितता संपली, असा आपला समज आहे. पट्टा कशाला अडकवायचा? त्याच बीमला.

महापालिका आणि औद्योगिक वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी स्टीलच्या कामाच्या फाइलीत जोडांची चित्रं मागावीत, एवढी माझी विनंती आहे. फार नकोत. सगळ्यात जड जोडाचं एक, आणि दोन बाजूंनी बीम येतात त्याचं एक. त्यावर भोकाचा व्यास, पिच, कडेचं अंतर, बोल्टची प्रत आणि क्लीटचा माप असला, आणि खाली डिझाइन करणाऱ्याची सही असली की बस. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षकांनीही यात लक्ष घालावं. आमच्याकडे येणारी नवी मुलं बोल्टची शिअरमधली ताकद तोंडपाठ सांगतात, पण तीसचा सॉकेट बाहेरून किती जाड असतो हे त्यांतल्या बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं. वर्षातून एक दिवस त्यांना फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पाठवा आणि एक क्लीट त्यांच्याच हाताने आवळायला लावा.

मालकांनी शिडीवर चढून काय बघावं? भोकाची कड काळी, दातेरी आहे का. बोल्टच्या डोक्यावर 4.6 किंवा 8.8 असा आकडा आहे का, का कोराच आहे. नटाच्या पुढे एक-दोन आटे बाहेर आलेत का. आणि मागून हात घालून नट मोजा. डोकी मोजू नका. रंग मारण्याआधी हे करा, रंगाखाली सगळंच सरळ दिसतं.

भावाच्या पोटमाळ्याचं आता असं ठरलंय. बीमखाली आधार लावून एकेक जोड उतरवायचा. जळालेली भोकं असलेल्या जागी कॉलमच्या फ्लँजला इंजिनिअरने सुचवल्याप्रमाणे दुरुस्ती, मग नवे 230 चे क्लीट, तीन आणि दोन अशी भोकं, ड्रिलनेच. निम्मा खर्च फॅब्रिकेटर सोसतोय, हे त्याच्या बाजूने नमूद करते. तोपर्यंत वर काहीही ठेवायचं नाही असं ठरलं आहे, आणि भावाने वर चढायची शिडीच काढून ठेवली आहे.

त्या जोडाचं मी काढलेलं चित्र सोबत जोडलं आहे. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. जागा असेल तर छापावं. लहान करताना रेघा पुसट झाल्या तर चालतील, पण 33, 80 आणि 230 हे तीन आकडे वाचता आले पाहिजेत. वर्कशॉप ओळखू येईल म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक स्टील डिटेलर, नाशिक